शेवटचं कडवं कापायचं नाही

चोराने कोंबडी पळवली, रस्सा करून खाल्ली आणि उरलेल्या पिसांवर 'कोंबडीच्या मालकाचे मनःपूर्वक आभार' अशी चिठ्ठी ठेवली, तर त्याला काय म्हणायचं? आमच्या मियागाओ गावात त्याला चोरच म्हणतात. पण तोच उद्योग इंटरनेटवर केला की चोर एकदम सभ्य गृहस्थ होतो. दुसऱ्याचा फोटो उचलायचा, दुसऱ्याचं गाणं उचलायचं, खाली सीटीटीओ ही चार अक्षरं टाकायची आणि हात झटकून मोकळं व्हायचं. श्रेय मालकाला, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. मालक कोण, कुठे राहतो, जिवंत आहे की गेला, हे विचारण्याची तसदी कोण घेतो! साऱ्या फिलिपिन्सला ही खोड लागली आहे, आणि ओफेलिया मोनेवा हिला त्या चार अक्षरांचा मनस्वी तिटकारा होता.

त्या सोमवारी ती बाजारातून मासळी घेऊन एर्निंगच्या ट्रायसिकलमध्ये बसली. एर्निंगने सवयीप्रमाणे फोनवर गाणं लावलं होतं, तेही सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं. ओफेलियाच्या कानांनी आधी ओळखली ती हातमागांची खटखट. मग गिटार ओळखली. मग गावच्या म्हाताऱ्या शाहिराचा, ताय पास्योंगचा, फाटका, खारट आवाज. तिला आनंदच झाला. 'हुनी' ही तिची साइट, आणि हे गाणं तिनेच स्वतःच्या हाताने ध्वनिमुद्रित केलेलं. गावातला रिक्षावाला ते वाजवतो म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही?

पण कडव्यांच्या खाली कुणीतरी ढोल घुसडला होता. आणि शेवटून दुसरं कडवं झालं तशी ढोलाची एक थाप पडली, मनिलाच्या 'बान्तोग' या इंटरनेट कंपनीची धून वाजली आणि गाणं संपलं.

"थांबव," ओफेलिया म्हणाली.

"नांग ओपे, चर्च तर पुढे आहे." नांग म्हणजे ताई, आणि ओफेलियाला सारं गाव ओपेच म्हणे.

"गाडी थांबव म्हणते ना! पुढचं कुठंय?"

"पुढचं? संपलं की." एर्निंगने गाडी कडेला घेतली. "कालपासून वाजवतोय, एवढंच आहे. बारा लाख लोकांनी ऐकलंय म्हणे."

"संपलं कसं? रोडेल कुठंय?"

एर्निंगने गाणं बंद केलं. रोडेल शाळेत त्याच्या वर्गात होता. त्याने फोन तिच्या हातात दिला. बान्तोगच्या पानावर समुद्राचं एक सुंदर चित्र होतं, कुठल्यातरी परक्याच समुद्राचं, आणि खाली ती चार अक्षरं. ओफेलिया मासळीची पिशवी तिथेच गाडीत विसरली आणि उरलेला रस्ता तरातरा चालत गेली.

आता हे कोम्पोसोचं जरा सांगायला हवं. गावात काही घडलं, कुणी पळून गेलं, कुणाचा खून झाला, पूल वाहून गेला, की ताय पास्योंग त्याचं कोम्पोसो रचायचा. आमच्या बेटावर बातमी अशीच फिरत आली आहे, गिटारवर. आणि कोम्पोसोच्या शेवटच्या कडव्यात रचणारा आपलं नाव सांगतो, गाव सांगतो आणि चुकलंमाकलं माफ करा म्हणतो. आजोबा-पणजोबांपासूनची ही रीत. नाव न सांगता गाणं सोडून देणं म्हणजे पोर वाऱ्यावर सोडण्यासारखं मानतात.

दोन वर्षांपूर्वी 'हाबागात' नावाचा पावसाळी वारा खवळला तेव्हा चौघांची एक पंप-बोट, म्हणजे लहान इंजिनाची होडी, उलटली होती. तिघांचे मृतदेह त्याच दिवशी सापडले. चौथा सापडेना. तो ताय पास्योंगचा मुलगा, रोडेल. बाप किनाऱ्यावर बसून राहिला, आणि पुढे एका पहाटे भरतीनेच पोरगा आणून टाकला. त्यानंतर ताय पास्योंगने गिटारीला हात लावला नाही. वर्षश्राद्ध झालं, काळे कपडे उतरले, तेव्हा तो हुनीच्या जिन्यावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "इन्दाय, पोरी, तुझं यंत्र लाव."

हुनीचं ऑफिस म्हणजे ओफेलियाच्या आईच्या विणकामाच्या शेडवरची एक खोली. इलोइलोचं रेडिओ स्टेशन बंद पडल्यावर बातम्या वाचणारी ओफेलिया गावी परतली आणि चुलत बहीण क्रेसिंगला हाताशी धरून तिने ही साइट काढली. किनाऱ्यावरच्या सहा गावांच्या बातम्या आणि दर आठवड्याला एक कोम्पोसो. त्या दिवशी खाली माग चालू होते. क्रेसिंग त्यांना थांबवायला निघाली तर ताय पास्योंग म्हणाला, "राहू दे. त्यातला एक माग लुसिंगचा आहे." लुसिंग त्याची बायको, रोडेलची आई. मग तसंच गाणं झालं, मागांच्या खटखटीवर. गाऊन झाल्यावर त्याने एकच अट घातली होती. गाणं माझं. तू वाजव, कुणाला वाजवायचं असेल त्याला दे, पण शेवटचं कडवं कापायचं नाही. ओफेलियाने त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

त्या शब्दाला मनिलातल्या कुणीतरी कात्री लावली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

तिने बान्तोगला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. उत्तर आलं, ते यंत्राचं: आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. तिने हुनीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'श्रेय मालकाला म्हणता, तर ऐका. मालकाचं नाव पास्कुआल फेरासो. मियागाओत राहतो. त्याचं नाव गाण्यातच होतं. तुम्ही कापलेल्या कडव्यात.' आणि खाली ताय पास्योंगचं पूर्ण गाणं लावलं.

आमच्या प्रांतात आडनावाचं पहिलं अक्षर ऐकलं की माणूस कुठल्या गावचा ते कळतं. फेरासो म्हटल्यावर सांगावं लागत नाही. त्यामुळे दुबईतली दाई असो की हाँगकाँगमधली मोलकरीण, मियागाओची प्रत्येक लेक त्या पानावर येऊन बान्तोगच्या नावाने बोटं मोडून गेली.

"शिव्या पोटभर मिळाल्या," क्रेसिंग म्हणाली. साइटचा जमाखर्च तिच्याकडे असायचा, त्यामुळे तिचा चेहरा कायम दात दुखत असल्यासारखा. "पण शिव्यांवर सर्व्हर चालत नाही, नांग. जाहिराती सगळ्या त्या बान्तोगकडेच जातात. आपण पावसाळा काढला तरी डोक्यावरून पाणी."

"खलाशांचं पत्र आलंय ना?"

"आलंय. वाचलंय. रक्कम म्हणजे नुसते शेंगदाणे."

ते पत्र रॉटरडॅमहून आलं होतं. इलोइलोकडचे खलाशी जगभरच्या जहाजांवर आहेत, आणि त्यांची आपली एक साइट आहे. तिच्या संपादकाने लिहिलं होतं: 'बान्तोगवर गाणं ऐकलं. आमच्या लोकांना ते अर्धवट वाटलं. बुडालेल्या माणसाला पाण्यात सोडून कुणी गाणं संपवत नाही. पूर्ण गाणं तुमच्याकडे असेल तर आम्हाला वर्षभर वाजवण्याची परवानगी द्याल का? दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठवू. नाव कसं लिहायचं तेही कळवा.' ओफेलियाने ते पत्र दोनदा वाचलं होतं, आणि नाव कसं लिहायचं या वाक्यापाशी ती दोन्ही वेळा थांबली होती. इतक्या वर्षांत हे तिला कुणीही विचारलं नव्हतं.

"शेंगदाणे तर शेंगदाणे," ती म्हणाली. "विचारून घेतलेले आहेत. हो म्हणून कळव."

आणि मग बान्तोगचा फोन आला. यंत्राचा नव्हे, माणसाचा. बेनेडिक्टो लाग्दामेओ नावाचा कुणी मोठा साहेब स्वतः विमानाने येतो म्हणाला. एवढा मोठा साहेब एका खोलीच्या साइटला भेटायला का येतो, हे क्रेसिंगने तिच्या मनिलातल्या मैत्रिणीकडून काढून घेतलं. बान्तोगने ते गाणं डबाबंद मासळीच्या कंपनीला जाहिरातीसाठी देऊ केलं होतं. मासळी कंपनीचे वकील होते पक्के. त्यांनी विचारलं, गाण्याचा मालक कोण, त्याचा कागद दाखवा. आणि बान्तोगकडे दाखवायला काय होतं? सीटीटीओ!

क्रेसिंग हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. पण हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "नांग, आता मागू ती किंमत देतील बघ."

*

बेनेडिक्टो साहेब घामाघूम होऊन जिना चढला. वय चाळिशीचं, शर्ट इस्त्रीचा, बोलणं लोण्यासारखं. आल्या आल्या त्याने दोन्ही हातांनी एक खोका पुढे केला.

"पासालुबोंग, मॅडम. रिकाम्या हाताने कसं यायचं?"

ओफेलियाने खोका पाहिला. आत बिस्कोचो होते, लोणी-साखर लावून भाजलेले पावाचे तुकडे. खोक्यावर इलोइलोच्या बेकरीचं नाव. साहेबाने ते तासाभरापूर्वी इलोइलोच्या विमानतळावर विकत घेतले होते.

"क्रेसिंग, बघ गं," ओफेलिया म्हणाली. "साहेबांनी आपलेच बिस्कोचो आपल्याला आणलेत. सवयच आहे त्यांची."

साहेब लाल झाला, पण हसला. माणूस तसा वाईट नव्हता. त्याने कॉफी घेतली, खालच्या मागांचं कौतुक केलं, आणि मग बॅगेतून करार काढला. गाणं बान्तोग विकत घेणार होतं. सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, कायमचे. रक्कम पाहून क्रेसिंगने खुर्चीचा हात घट्ट धरला. त्या रकमेत हुनी पुढची काही वर्षं डोळे मिटून चालली असती.

"आणि शेवटचं कडवं?" ओफेलियाने विचारलं.

"मॅडम, खरं सांगू? लोक शेवटपर्यंत ऐकतच नाहीत. अंगठा फिरवतात, पुढे जातात. आणि ते आहे तिथं संपलं की कसं, मनात हुरहुर राहते. समुद्राची ती खारी हवा... फार सुंदर शेवट आहे."

"तुमच्यासाठी सुंदर."

"जाहिरातीत तर मुळात दोनच कडवी बसतात."

"कसली जाहिरात, साहेब? तेही सांगा ना."

साहेबाने कपातल्या कॉफीकडे पाहिलं. "सार्डिन," तो म्हणाला. "डब्यातले मासे."

खालून मागांची खटखट तेवढी येत होती.

"ऐका," ओफेलिया म्हणाली. ती रेडिओवरची बाई, आवाज चढवायची तिला गरजच पडत नसे. "तुम्ही मनिलाचे, तुम्हाला म्हैस माहीत नसेल. आमच्याकडे ज्याला नांगरट करायची असते तो शेजाऱ्याची म्हैस भाड्याने नेतो. दिवसभर राबवतो, भाडं देतो. पण संध्याकाळी म्हैस गोठ्यात परत आली पाहिजे. उद्या ती दुसऱ्याकडे जाईल, परवा तिसऱ्याकडे. आणि नेणाऱ्याने तिची शिंगं कापायची नसतात. गाण्याचं तसंच. भाड्याने न्या, विकत मिळणार नाही."

"मॅडम, एकरकमी एवढे पैसे..."

"एकदा म्हैस विकली की घरात दोरी तेवढी राहते."

"नांग," क्रेसिंग कुजबुजली, "जरा विचार तरी..."

"केलाय विचार. खलाशांना दिलंय ना वर्षभरासाठी? त्यांच्याकडे वाजतंय म्हणून आपल्याकडचं काही कमी झालंय का? उलट ते ऐकून आणखी दोघांनी विचारलं. विकून टाकलं असतं तर आज त्या खलाशांनाही मनिलाच्या दारात उभं राहावं लागलं असतं. आणि यांनी त्यांनाही कापूनच दिलं असतं."

साहेबाचं लोणी आता थोडं कडक झालं. "हे बघा, आमचा स्टुडिओ आहे. असंच एक गाणं, अशीच गिटार, अशीच होडी, एका दिवसात तयार होतं. मागांची खटखटसुद्धा घालू. मग तुमच्या म्हशीला कोण विचारणार?"

"करा की!" ओफेलिया ताडकन उठली. "जरूर करा. फक्त मला एवढं सांगा, शेवटच्या कडव्यात कुणाचा पोरगा घालणार?"

साहेबाने करार पुन्हा पुढे ढकलला. मग तो हट्टाला पेटल्यासारखा म्हणाला, "गाणं तुमचं नाहीच ना, मॅडम? तुम्हीच पहिल्या पानावर लिहिलंय, मालक पास्कुआल फेरासो. मी त्यांच्याशी बोलतो. त्यांना पैशांची गरज असेल. तुम्ही कोण मध्ये?"

हा वार बरोबर बसला. कारण ते खरंच होतं. हुनीकडे होता तो फक्त एक शब्द, हातावर हात ठेवून घेतलेला आणि दिलेला. ताय पास्योंग हो म्हणाला असता तर ओफेलियाला तोंड उघडायला जागा नव्हती. आणि म्हातारा का नाही म्हणेल? पंप-बोट गेली, ती परत घेता आलेली नव्हती. बायको वयाच्या सत्तरीला माग ओढत होती. ओफेलियाला वाटलं, आता रोडेल कायमचा गेला.

"खाली आहे तो," ती म्हणाली. "विचारा."

*

ताय पास्योंग शेडच्या उंबऱ्यावर बसून जाळं दुरुस्त करत होता. आत बायका विणत होत्या, आणि खिडकीपाशीच्या मागावर त्याची बायको, सगळ्यांची नाय लुसिंग; नाय म्हणजे आई. साहेबाने त्याचा हात कपाळाला लावून नमस्कार केला, शेजारी बसला, सगळं नीट समजावून सांगितलं. रक्कम सांगितली. म्हाताऱ्याने मान हलवत ऐकून घेतलं. जाळ्याची सुई चालूच होती.

"मोठी रक्कम आहे, तोतो, बाळा," तो म्हणाला.

"आहे ना, ताय!"

"एवढ्यात बोट येईल."

"दोन येतील!"

जिन्यावर उभ्या ओफेलियाने डोळे मिटून घेतले.

"माझं म्हणणं एवढंच," ताय पास्योंग म्हणाला. "मला माझी पहिली गाणी एका म्हाताऱ्याकडून मिळाली. तो फुकट देत नव्हता आणि विकतही देत नव्हता. म्हणायचा, माझ्यासमोर बसून गा. सगळं येत असेल तर ने. तू गाऊन दाखव."

आता फिलिपिन्समध्ये गा म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. साहेबाच्या चेहऱ्यावर हसू फुललं. त्याने घसा साफ केला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या. ताय पास्योंगने गिटार घेतली.

आणि साहेब चांगला गायला, हे कबूल केलं पाहिजे. आमची भाषा त्याच्या मनिलाच्या तोंडात जरा चपटी होत होती, आतल्या दोन पोरी फिसफिसल्याही. पण आवाज गोड होता आणि शब्द सगळे पाठ. बसा हो मंडळी म्हणाला, होडी समुद्रात गेली, हाबागात सुटला, दोर तुटला, आया किनाऱ्यावर आल्या. फिसफिसणाऱ्या पोरी गप्प झाल्या. त्याचे स्वतःचे डोळे भरून आले होते.

"तिघांना मिळाली माती, तिघांपुढे दिवा,
चौथ्याला शोधत फिरते अजून खारी हवा..."

त्याने शेवटचा सूर लांबवला आणि हलकेच सोडला. मग आजूबाजूला पाहिलं. टाळ्यांची अपेक्षा असावी.

ताय पास्योंगची बोटं गिटारीवर चालूच होती. तीच चाल, पुन्हा सुरुवातीपासून, पुढच्या कडव्यासाठी.

"पुढे?" तो म्हणाला.

"अं?"

"पुढे, तोतो. गा."

"संपलं ना, ताय."

आतला एक माग थांबला. खिडकीपाशीचा.

गिटार मात्र थांबली नाही. म्हातारा चाल वाजवत राहिला आणि त्या चालीवरच, न गाता, साधं बोलल्यासारखं म्हणाला, "संपलं कसं? माझं पोरगं अजून पाण्यात आहे."

साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने ओफेलियाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. त्याने ते गाणं किती वेळा ऐकलं असेल, किती खोल्यांत वाजवून दाखवलं असेल. पण शेवटचं कडवं त्याने ऐकलेलंच नव्हतं. त्याच्यापर्यंत गाणं पोचलं तेच कापून. गाणं कुणाचं, विचारलं नाही. चौथा कोण, तेही विचारलं नाही.

"मला... मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. "खरंच. कापलं ते आमच्या एडिटरने, लांबी जास्त होते म्हणून..."

"तू मोठा साहेब आहेस ना?" आतून नाय लुसिंगचा आवाज आला. ती उठली नव्हती, धोटा हातात तसाच होता. "मग आणून दे त्याला बाहेर."

तेव्हा ताय पास्योंगनेच गायला सुरुवात केली, एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीनंतर थांबला. मनिलाचा तो इस्त्रीचा साहेब उंबऱ्यावर बसून त्याच्या मागे म्हणत गेला. पहिल्या ओळीला त्याचा सूर चुकला. दुसरीला आवाजच फुटला.

"पहाटेच्या भरतीला चौथा आला तीरी,
रोडेल त्याचं नाव, त्याला आणा आता घरी.
रचणारा पास्कुआल फेरासो, मियागाओचा,
चुकलं तर माफ करा, बाप आहे त्याचा."

"आता कसं," ताय पास्योंग म्हणाला आणि गिटार बाजूला ठेवली. "आता सगळं येतंय तुला. वाजव खुशाल. अटी इन्दायला विचार, तिला लिहिता येतं. आणि विकायचं म्हणशील तर तोतो, बोटीसाठी मी आणखी थांबेन. पोराला एकदा समुद्राने नेलं, आता मी कसा देऊ?"

ओफेलिया रडत होती आणि तिने ते लपवलं नाही. हातरुमालाने नाक पुसून ती दोन पायऱ्या खाली आली आणि जिन्यावर उभी राहूनच अटी सांगितल्या. एक वर्ष. पूर्ण गाणं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. वर ठळक अक्षरात रचणाऱ्याचं नाव आणि गाव. ती चार अक्षरं कुठेही दिसता कामा नयेत. पुढे दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, ज्याला हवं तो आमच्याकडे येईल. भाड्यातला मोठा वाटा ताय पास्योंगचा, उरलेला हुनीचा.

"आणि सार्डिनवाल्यांना काय सांगू?" साहेबाने दमलेल्या आवाजात विचारलं.

ओफेलिया तोंड उघडणार तोच मागून क्रेसिंग पुढे घुसली. हीच ती, तासापूर्वी विचार तरी कर म्हणणारी. रागाने तिचे कान लाल झाले होते.

"त्यांना म्हणावं, या गाण्यात माणसं मासे खात नाहीत," ती म्हणाली. "उलट आहे. डब्यावर छापणार का?"

साहेबाने नवा कागद तिथेच लिहिला. जाताना त्याने बॅगेसोबत खाली आलेला बिस्कोचोचा खोका परत न्यावा की ठेवावा अशा घोळात हात पुढे-मागे केला. नाय लुसिंगने तो त्याच्या हातातून घेतला, उघडला आणि त्यातला एक त्यालाच दिला.

*

मासळी कंपनीने दुसरं गाणं घेतलं. बान्तोगने पूर्ण गाणं लावलं, नावासकट. ऐकणारे आधीपेक्षा कमी झाले, ही गोष्ट खरी. साहेबाने ते कळवलंही. पण जे ऐकत ते शेवटपर्यंत ऐकत. नाव दिसत होतं, म्हणून विचारणारे आता हुनीचं दार ठोठावू लागले. शेजारच्या अंतिके प्रांताचं रेडिओ स्टेशन आलं, कॅनडातलं एक पोर्टल आलं. प्रत्येकाला वर्षापुरतं, प्रत्येकाला त्याच अटींवर. एकेक भाडं पाहिलं तर क्रेसिंगच्या भाषेत शेंगदाणेच. पण दर महिन्याला येणारे शेंगदाणे. पावसाळा निघाला, हुनी तगली, आणि क्रेसिंगचा दात दुखायचा थांबला. इतर गावांचे म्हातारे गिटारी घेऊन जिना चढू लागले. आमचंही घे म्हणाले, पण फेरासोच्या अटीवर.

हुनीच्या प्रत्येक गाण्याखाली आता रचणाऱ्याचं नाव असतं आणि पुढे दोन शब्द: विचारून वाजवा. हे मनिलावाल्यांसाठी लिहिलं होतं. पण मियागाओची माणसं लिहिलेलं सगळं मनावर घेतात. एका सकाळी ताय पास्योंग प्लाझात कॉफी पीत बसला असताना एर्निंगने भर चौकात ट्रायसिकल उभी केली आणि बोंबलला, "ताय! वाजवू का?"

"काय?"

"तुमचं गाणं! विचारून वाजवा म्हणे!"

"शेवटपर्यंत वाजवणार असशील तर वाजव!" म्हातारा तिथूनच ओरडला.

एर्निंगने मान डोलावली आणि गाणं लावून निघाला. गाडीत तीन प्रवासी होते, आणि त्यातली एक ओफेलिया. प्लाझापासून चर्च हाकेच्या अंतरावर. गाडी पोचली तेव्हा होडीचा दोर नुकता तुटत होता. एक बाई उतरायला लागली.

"बसा," एर्निंग म्हणाला.

"अरे, मिस्साला उशीर होतोय!"

"शब्द दिलाय, नांग. चौथा अजून यायचाय."

बाईने चर्चच्या दाराकडे पाहिलं, एर्निंगकडे पाहिलं आणि परत बसली. मागून दुसऱ्या ट्रायसिकलने भोंगा वाजवला. एर्निंगने हात बाहेर काढून त्याला थांबायची खूण केली आणि आवाज आणखी मोठा केला. चर्चच्या दारात, उन्हात, ते चौघे गाडीत तसेच बसून राहिले. भोंगा वाजत होता, मागांची खटखट चालू होती, आणि रोडेल किनाऱ्याला लागेपर्यंत कुणी खाली उतरलं नाही.